घरघर, पिपाणी आणि एक नामी शक्कल

ताई,
मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. गेल्या महिन्यात दोन कामं एकदम अंगावर आली. एक दम्याच्या रुग्णांसाठीची माहितीपुस्तिका, दुसरी शाळकरी पोरांची एक जुनी विलायती गोष्ट. दोन्हीकडे एकच शब्द सारखा आडवा येत होता: व्हीझ. शब्दकोशात 'घरघर' सापडलं आणि मी ते सगळीकडे ठोकून दिलं. पुस्तिका तपासणाऱ्या डॉक्टरांनी 'मुलाला घरघर लागल्यास पंप द्यावा' या वाक्याखाली तांबडी रेघ ओढून लिहिलं, 'घरघर लागल्यावर पंप कशाला?' गोष्टीत एक पोरगा 'व्हॉट अ व्हीझ!' असं ओरडतो, तिथे मी 'काय ही घरघर!' लिहिलं. संपादकबाई अजून हसतायत. वर त्या गोष्टीच्या शेवटच्या प्रकरणाचं नावच 'द व्हीझ' आहे. त्यात पोरांची खोडीही आहे आणि जिना चढून आलेल्या लठ्ठ सरांची अवस्थाही. कळस म्हणजे परवा भाचीचा मेसेज आला, 'आय अ‍ॅम व्हीझिंग'. मी घाबरून फोन लावला, तर ती कुठलासा व्हिडिओ बघून हसत लोळत होती. कृपा करून मला व्हीझसाठी एक, फक्त एक मराठी शब्द सांगा.
– शब्दात अडकलेली

अहो शब्दात अडकलेल्या बाई,

एक शब्द नाही मिळायचा. पण तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे, तेवढं सोडवून दाखवते.

पहिल्यांदा डॉक्टरांच्या तांबड्या रेघेबद्दल. रेघ योग्य ठिकाणी पडली आहे, पण शब्दकोशाला दोष देऊ नका. तुमच्या वाक्यातला 'घरघर' निरुपद्रवी आहे. घात केलाय तो 'लागल्यास'ने. पंख्याची घरघर असते, शिवणयंत्राची असते, जात्याची असते. 'सर्दीनं छातीत घरघर होतेय' असं म्हटलं की कुणी दचकत नाही. पण 'घरघर लागली' म्हटलं की माणूस शेवटच्या घटका मोजतोय. वर्तमानपत्रात एखाद्या कारखान्याला, पक्षाला, सहकारी संस्थेला घरघर लागते तेव्हा पुढचं पाऊल कुलूप असतं, हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं. नाम तेच, क्रियापद बदललं आणि सर्दी झालेलं पोर थेट मरणाच्या दारात. दम्याच्या पुस्तिकेत हे वाचून आईबापांच्या पायाखालची जमीनच सरकेल.

तुम्ही एकट्याच अशा फसलात असं समजू नका. याच खड्ड्यात दोनशे वर्षांपूर्वी स्टेथोस्कोप शोधणारा माणूस पडता पडता वाचला होता. रेने लेनेक हा पॅरिसचा डॉक्टर. १८१६ साली एका तरुण रुग्णबाईच्या छातीला कान लावायचा त्याला संकोच वाटला, म्हणून त्याने कागदांची घट्ट गुंडाळी करून तिचं एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. त्या गुंडाळीतून त्याला इतकं स्वच्छ ऐकू आलं की पुढची तीन वर्षं तो छातीतले आवाज ऐकत, नोंदत, वर्गवारी करत बसला, आणि १८१९ साली त्यावर ग्रंथ काढला. आता या आवाजांना नाव काय द्यायचं? त्याने फ्रेंचमधला 'राल' हा शब्द घेतला. पंचाईत अशी की साध्या फ्रेंच माणसाला 'राल' म्हणजे मरणाऱ्याच्या घशातली घरघरच ठाऊक. खाटेशी उभं राहून डॉक्टर शिष्यांना 'इथे राल आहे' म्हणाला, तर खाटेवरचा माणूस आपला निकाल लागला असं समजणार. म्हणून लेनेक रुग्णासमोर 'राल' न म्हणता 'रॉन्कस' म्हणायचा. त्या शब्दाचं मूळ ग्रीक, अर्थ घोरणं. रुग्णाला काही कळायचं नाही आणि तो शांत पडून राहायचा. गंमत पुढे आहे. एकाच गोष्टीची ही दोन नावं, एक ग्रंथातलं आणि एक खाटेजवळचं. अनुवाद होता होता ती दोन वेगळ्या आवाजांची नावं समजली जाऊ लागली, आणि तो गोंधळ निस्तरायला दीडेकशे वर्षं गेली. अनुवादकाच्या एका शब्दाने काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

माझ्याही खाती असा एक प्रसंग जमा आहे, आणि आठवला की अजून कान गरम होतात. नवीन असताना मी एका दवाखान्यात दुभाष्याचं काम करायचे. डॉक्टर इंग्रजीत विचारणार, मी मराठीत सांगणार. समोर एक साठीच्या बाई, शेजारी त्यांची मुलगी. डॉक्टरांनी विचारलं, रात्री व्हीझ होतं का? मी ठणठणीत आवाजात विचारलं, 'रात्री घरघर लागते का?' बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी. डॉक्टरांना काही कळेना. शेवटी त्यांनी स्टेथोस्कोप काढून मुलीच्या कानाला लावला, दुसरं टोक आईच्या पाठीवर ठेवलं आणि हातानेच खूण केली, श्वास सोडा, सावकाश, आणखी सोडा. मुलीचा चेहरा बदलला. ती म्हणाली, 'अगं आई, तुझ्या छातीत पिपाणी वाजतीय.'

मी तेव्हापासून 'व्हीझ' ऐकलं की आधी ती पिपाणी ऐकते.

कारण व्हीझ हा मुळात आवाज आहे. दम लागणं ही भावना आहे, म्हणजे ज्याला लागतो त्याला कळते. धाप ही दिसते, खांदे वर-खाली होतात, तोंड उघडं पडतं. व्हीझ मात्र ऐकू यावं लागतं. चार मजले पळत चढलेल्या धडधाकट माणसाला दम लागतो, धाप लागते, पण व्हीझ नसतं. उलट एखाद्याच्या छातीत व्हीझ असतं आणि तो गप्पा मारत निवांत बसलेला असतो, त्याला पत्ताही नसतो. पुस्तिकेत तुम्ही 'धाप लागणे' लिहिलं असतंत तर डॉक्टरांनी कदाचित रेघ मारली नसती, पण चूक तितकीच मोठी झाली असती.

हा आवाज कसा, ते घरच्या घरी कळतं. लहान मुलांचा फुगा घ्या, फुगवा, आणि तोंड दोन्ही हातांच्या चिमटीत आडवं ताणून धरा. हवा सरळ फुस्सकन जात नाही, बारीक किंचाळत जाते. फुग्याच्या तोंडाचे दोन पातळ काठ एकमेकांना भिडतात, सुटतात, पुन्हा भिडतात, सेकंदाला शेकडो वेळा. सुजेने, आकुंचनाने किंवा कफाने श्वासनलिकेच्या फांद्या अरुंद झाल्या की त्यांच्या भिंती अशाच थरथरतात. नळी किती लांब आहे यावर इथे सूर ठरत नाही. तो ठरतो भिंतीचा ताठपणा, जाडी आणि हवेचा वेग यावर. म्हणून 'छातीत बासरी वाजते' ही उपमा कवितेला ठीक, पण बासरीचा सूर नळीच्या लांबीवर चालतो. पिपाणीत थरथरणारी पाती असते. त्या मुलीने नकळत अचूक वाद्य निवडलं होतं.

दमा वगैरे काही नसेल तर एक प्रयोग स्वतःवरही करता येतो. पोटभर श्वास घ्या आणि जोर लावून सोडत राहा, अगदी शेवटचा थेंब पिळून काढल्यासारखा. तळाशी आल्यावर छातीत कुठेतरी बारीकसं 'सूं' होतं. निरोगी माणसालाही होतं. श्वास सोडताना नलिका तशाही आवळतात, म्हणूनच व्हीझ बहुतेकदा श्वास सोडताना ऐकू येतं. तुमच्या पुस्तिकेच्या दृष्टीने हे 'सोडताना' फार मोलाचं आहे. घरातल्या माणसाला नेमकं कधी कान द्यायचा हे त्या एका शब्दाने कळतं.

आता कुणी म्हणेल, इंग्रजीत जन्मलेल्या लोकांना तरी हा शब्द बिनचूक कळत असेल. तसंही नाही. चोंदलेलं नाक, घोरणं, घशातली खरखर, या सगळ्याला तिकडचे आईबाप सर्रास व्हीझ म्हणून मोकळे होतात. १९९१ साली मुलांमधल्या दम्याचा जगभर अभ्यास करायला एक मोठा प्रकल्प सुरू झाला, आयझॅक नावाचा. त्यांची प्रश्नावली कितीतरी देशांत, कितीतरी भाषांत जायची होती. इंग्रजी मूळ प्रश्नातच त्यांनी नुसतं व्हीझिंग न ठेवता 'व्हीझिंग ऑर व्हिसलिंग इन द चेस्ट' असं लिहिलं, म्हणजे शेजारी शिट्टी बसवली आणि जागाही सांगितली, छाती. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा त्यांनी दम्याचा त्रास होणाऱ्या मुलांची चित्रफीतच केली आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ती दाखवून विचारलं, तुला असं कधी झालंय का? जिथे शास्त्रज्ञांनी शब्द सोडून आवाजच ऐकवला, तिथे तुम्ही एका शब्दासाठी हटून बसू नका.

तेव्हा पुस्तिकेत पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे पूर्ण वाक्य खर्च करा: 'श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा किंवा पिपाणीसारखा बारीक आवाज येणे'. पुढे लगेच 'याला डॉक्टर व्हीझ म्हणतात' हे जोडा, कारण रुग्णाला तो शब्द तपासणीच्या खोलीत कानावर येणारच आहे. 'व्हीझिंग आहे का', 'छातीत व्हीझ आहे' हे आता मराठी बोलणाऱ्या डॉक्टरांच्याही तोंडी रुळलंय. त्यानंतर सगळीकडे 'छाती वाजणे' चालेल. हा आपल्याकडचा घरगुती शब्द आहे, आया वापरतात, आणि कुणाला घाबरवत नाही. तुमचं ते वाक्य 'मुलाची छाती वाजू लागल्यास पंप द्यावा' असं करून बघा. डॉक्टर रेघ मारणार नाहीत.

मात्र 'छाती वाजणे' थोडं ढगळ आहे, तेवढं ध्यानात ठेवा. त्यात ओल्या कफाची खुळखुळही येते. डॉक्टरी भाषेत व्हीझ हा उंच सुराचा, साधारण ४०० हर्ट्झ किंवा त्याहून वरचा, अखंड आवाज. खालच्या सुराचा, २०० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखालचा, घोरल्यासारखा असेल तर तो रॉन्कस, लेनेकच्याच वारशातला. आता कान लावून बघा: आपली 'घरघर' यातल्या कशाशी जुळते? 'घ' आणि 'र' दोन्ही जाड, खालच्या पट्टीतले. ती रॉन्कसची मराठी बहीण आहे. व्हीझला 'सूं सूं' जवळचं. म्हणजे शब्दकोशाने तुम्हाला शब्द दिला तो एक सप्तक खालचा.

पुस्तिकेचाच विषय आहे म्हणून दोन गोष्टी, ज्या मूळ मजकुरात नसतील तर डॉक्टरांना विचारून घालून घ्या. एक, आवाज बंद झाला म्हणजे बरं वाटलं असं नेहमीच नसतं. दम्याचा झटका फार वाढला की आत-बाहेर जाणारी हवाच इतकी कमी होते की पिपाणी वाजायलाही पुरत नाही. माणूस श्वासासाठी झगडतोय, बोलता येत नाही आणि छाती गप्प, ही सर्वांत धोक्याची वेळ. तेव्हा क्षणही न दवडता मोठ्या दवाखान्यात न्यायचं. त्यामुळे 'आवाज थांबेपर्यंत' असलं वाक्य कुठे सोडू नका. दुसरी, प्रत्येक वाजणारी छाती दम्याची नसते. खेळता-खाताना ठसका लागलेल्या लहान मुलाची छाती एकाएकी वाजू लागली, तर नळीत काही अडकलेलं असू शकतं. आणि श्वास आत घेताना घशातून मोठा कर्कश आवाज येत असेल तर ते व्हीझ नव्हेच, त्याला स्ट्रायडर म्हणतात आणि त्यातही डॉक्टरांकडे धावायचं असतं. त्याला 'छाती वाजणे' म्हणू नका, वाजतो तो घसा.

इतका वेळ आजारात गेला. आता जरा मोकळ्या हवेत येऊ.

शब्द मुळात जुन्या नॉर्सवरून आला असावा, 'ह्वेसा', म्हणजे फूत्कारणे; इंग्रजीत तो पंधराव्या शतकापासून आहे. उच्चार करताना मधला ई लांबवा आणि शेवटचा झ 'माझा'मधला काढा. ई ऱ्हस्व झाला तर 'व्हिझ' हा दुसराच शब्द होतो, आणि तो म्हणजे सूं करून निघून जाणे. पाहा, मराठीत आपण गोळी 'सूं'कन जाते म्हणतो आणि छाती 'सूं सूं' वाजते म्हणतो. इंग्रजीने तोच फरक एका वेलांटीवर भागवलाय.

त्याच्या भावंडांना वेगळं ओळखून ठेवलेलं बरं, कारण गोष्टीत ती एकाच पानावर येतात. 'पॅन्ट' म्हणजे धापा टाकणे, पळून आलेल्या कुत्र्यासारखं. आवाजापेक्षा वेग महत्त्वाचा. (अंगातल्या पॅन्टशी याचा काही संबंध नाही. हा पॅन्ट जुन्या फ्रेंचमधून येतो आणि त्याचं नातं फॅन्टसीशी आहे, वाईट स्वप्नाने छाती दडपणे अशा अर्थाने.) 'गॅस्प' म्हणजे एकदाच, झटक्यात आत ओढलेला श्वास, आश्चर्याने किंवा बुडता बुडता. त्याचं मूळ नॉर्स क्रियापद चक्क जांभई देण्याचं. आणि 'अस्थमा' या ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता धाप. आपला 'दमा' फारसी 'दम'वरून, म्हणजे श्वास. दोन्ही भाषांनी आजाराला श्वासाचंच नाव दिलं. हा 'दम' लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

कथेत खरी अडचण येते ती 'ही व्हीझ्ड' या दोन शब्दांनी. इंग्रजी क्रियापद आवाजही करतं, बोलतंही आणि जिनाही चढतं. लठ्ठ सर जिना 'व्हीझत' चढले आणि वर येऊन 'व्हीझले', 'कोण आहे रे तिकडे?' मराठी क्रियापदाला हे झेपत नाही, पण आपल्याकडे 'करत' आहे आणि नादाच्या शब्दांची अख्खी फौज आहे: सूं सूं, फस्स, घुर्र, खर्र, फुरफुर. 'सर सूं सूं करत जिना चढले.' बोलण्याच्या जागी आवाजाचं नाव घेण्यापेक्षा वाक्यच मोडा. 'कोण... आहे रे... तिकडे?' आणि मग, 'सरांचा प्रत्येक शब्द श्वासाची वाट बघत होता.' वाचणाऱ्याला ऐकू येतं, काम झालं. एकाच पानावर सहा वेळा व्हीझ असेल तर सहाही वेळा सूं सूं करू नका. दोनदा आवाज द्या, बाकी वेळा सरांना कठड्याला धरून उभं करा.

निर्जीव वस्तूंनाही इंग्रजीत व्हीझ होतं. जुनं इंजिन, फाटक्या भात्याची पेटी, लिफ्ट. इथे मात्र मी बेधडक 'धापा टाकत' वापरते, कारण यंत्राच्या बाबतीत आजाराचा नेमकेपणा कुणी मागत नाही. इंजिन धापा टाकत घाट चढतं हे आपल्या कानाला कधीपासून सवयीचं आहे. पेटीचा भाता फाटला असेल तर मात्र 'फसफस' घ्या. तिथे हवा गळते, सूर निघत नाही.

आता 'व्हॉट अ व्हीझ!' एकोणिसाव्या शतकात रंगभूमीवरच्या नटांच्या बोलीत व्हीझ म्हणजे विनोद, प्रयोगात मध्येच घुसडलेला, पुन्हा पुन्हा वापरलेला. अमेरिकेत 'ओल्ड व्हीझ' म्हणजे आपल्याकडचा घासून गुळगुळीत झालेला विनोद. ब्रिटनमध्ये तो पुढे सरकून शक्कल, डाव असा झाला आणि शाळकरी पोरांच्या जिभेवर बसला. म्हणून तुमचा पोरगा ओरडतोय ते 'काय नामी शक्कल!' पोरगा जरा वाह्यात असेल तर 'भन्नाट!' एवढंच पुरे. ब्रिटिश वर्तमानपत्रांत कर चुकवण्याच्या युक्तीला आजही व्हीझ म्हणतात. तिथे किंचित तुच्छता असते, तेव्हा 'टूम' किंवा 'पळवाट' घ्या. 'सरकारने आता नवीच टूम काढलीय' या वाक्यातला नाकाचा शेंडा व्हीझमध्येही वर गेलेला असतो. मराठीत 'टूम' हल्ली कमी ऐकू येतो, मला वाईट वाटतं, म्हणून जमेल तिथे मी तो घुसवते. तुम्हीही घुसवा.

भाचीचा मेसेज सोपा आहे. इतकं हसू आलं की आवाज फुटेना, नुसती हवा सूं सूं जातेय, अशी ती अवस्था. 'हसून हसून पुरेवाट झाली' किंवा 'हसता हसता धाप लागली'. संवाद असेल तर 'मेले हसून' सुद्धा चालेल. हसण्याने आपण रोज मरतो, त्याला कुणी तांबडी रेघ मारत नाही. बाकी, भाचीला दमा असेल तर पुढच्या वेळीही फोन लावाच.

राहिलं प्रकरणाचं नाव. 'द व्हीझ'मध्ये पोरांची शक्कल आणि सरांची छाती दोन्ही आहेत, आणि एका मराठी शब्दात शिट्टी आणि युक्ती एकत्र सापडणार नाही, हे मी तुमचं पत्र वाचताना गृहीतच धरलं होतं. दोन दिवस 'शिळी शिट्टी', 'सरांची पिपाणी' असली नावं कागदावर लिहून खोडत होते. 'पिपाणी' मोह पाडत होती, पण तिच्यात पोरं कुठे आहेत? मग तो दम आठवला. सरांना जिन्याने दम लागतो. वर आल्यावर ते पोरांना दम देतात. आणि पोरांपैकी जो म्होरक्या आहे त्याची योजना ऐकून दुसरा नक्की म्हणत असणार, 'यात दम आहे!' मूळ लेखकाला दोन अर्थ मिळाले होते, तुम्हाला तीन मिळतायत. प्रकरणाचं नाव 'दम' ठेवा, आणि 'व्हॉट अ व्हीझ!'च्या जागची 'नामी शक्कल' काढून तिथे 'यात दम आहे!' टाका, म्हणजे शेवटी सर वर येऊन धापा टाकू लागले की वाचणाऱ्याला मागची ओळ आठवेल. संपादकबाईंना अजून हसायचं असेल तर आता यावर हसू दे.

एकच विचारायचं राहिलं. गोष्टीत सर शेवटी पोरांना पकडतात की जिन्यातच बसून राहतात? बसून राहत असतील तर त्या ठिकाणी 'दम खाल्ला' वापरायची जागा आहे. कळवा.